बर्फाच्या कारखान्यातलं झाड

मी माझ्या धाकट्या भावजयीला फसवलं. पेमाला. तिनं मला नव्हे, मी तिला.

एवढं सरळ वाक्य आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. आमच्या भावकीत, नव्या पेठेत, माझ्या दुकानात चहाला बसणाऱ्यांत याच्या उलट हकीकत चालते, आणि ती मीच चालवली आहे. भाऊ शिकवला, भाऊ मिल्ट्रीत गेला, परमुलखातली बायको करून आला, दोघांनी आपल्याला वापरून घेतलं आणि पाठ फिरवली — ही माझी कैफियत. तुम्ही कधी माझ्या गादीवर टेकला असाल तर तुम्हीही ती ऐकली असेल. मान हलवली असेल. बिचारे अण्णा, म्हणाला असाल.

त्यातलं सगळंच खोटं नाही, हेही सांगून ठेवतो. डोक्यावर टॉवेलांचं गाठोडं घेऊन मी अक्कलकोटच्या बाजारात बसलो, होटगीच्या फलाटावर गाडीच्या खिडक्या ठोठावत फिरलो, आणि त्या कमाईवर बसू शिकला. बसवराज त्याचं नाव. लग्न करताना त्यानं मला विचारलं नाही. तो राग माझा आहे आणि तो मी सोडलेला नाही. पण एका मालातला तोटा दुसऱ्या मालात दाखवायचा नसतो, हे मी धंद्यात इतरांना शिकवलं. झाडाचा मामला वेगळा आहे. तिथं बसूचा दोष नाही. पेमाचा तर नाहीच.

कुठून सुरू करू? झाडापासूनच करतो.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरची वर्षं. थंडी सरत आली होती. बसूची नेमणूक अशा ठिकाणी झाली की तिथं बायकोला नेता येत नव्हतं, म्हणून तो तिला आमच्याकडं सोडायला आला. सिक्कीमच्या अंगाची मुलगी. बारीक डोळे, गोल चेहरा, डोक्यावरचा पदर सारखा घसरणारा. तिच्या मांडीवर एक पसरट, निळसर हिरव्या रंगाची कुंडी, आणि कुंडीत हातभर उंचीचं एक वाळकं झाड. पान नाही, काही नाही. तीन रात्रींचा प्रवास तिनं ते मांडीवर घेऊन केला होता. गल्लीतला एक जण मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "मिल्ट्रीवाल्यानं बायको आणली, आन् हुंड्यात सरपण आणलं की."

मला हसू आलं नाही. घरात सुकलेलं झाड? मी बायकोला, महादेवीला, म्हणालो, "चुलीत घाल ते."

बसू म्हणाला, "अण्णा, जिवंत आहे ते. लार्च म्हणतात त्याला. थंडीत पानं टाकतं." पेमाच्या वडिलांनी ते डोंगरातून आणून कुंडीत वाढवलं होतं. ते तिकडं कुणाच्या तरी रोपवाटिकेत कामाला होते. झाडाचं वय पेमापेक्षा जास्त. लेकीला सासरी पाठवताना त्यांनी दुसरं काही दिलं नाही, हे दिलं.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजायचं नाही. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी थेट बोलायचं नाही. दिरानंही तिच्याशी बोलायचं नाही. पदर पुढं ओढून बाजूला व्हायचं. काही सांगायचंच असेल तर मध्ये कुणीतरी लागतं, सासू, जाऊ, कुणीही. आमची आई केव्हाच गेलेली. महादेवी दिवसभर कामात. आणि बसू चार दिवसांत निघून गेला.

मग मध्ये कोण? झाड.

खोटं वाटेल. पण पेमा आल्यावर दोन आठवड्यांत त्या वाळक्या फांद्यांवर बारीक बारीक गाठी फुगल्या, आत हिरवं दिसायला लागलं, आणि एका सकाळी ती गच्चीवर पोतं अंथरून झाड कुंडीतून काढायला बसली. मी तोंड धुवायला वर गेलो होतो. जिवंत झाड उपटतात? मला राहवेना. तिच्याशी बोलता येत नाही — मग मी झाडाकडं बघून म्हणालो, "काय रे, तुला उपटून मारायचा बेत आहे काय?"

ती थांबली. पदर ओढला. मग तीही झाडालाच म्हणाली — मराठी तिची महादेवीकडून शिकलेली, नुकतीच — "तुला सांगते की. आता मुळं कापायची. पान उघडायच्या आदी. नंतर कापली तर मरतंय."

अशी सुरुवात झाली.

मी आमच्या शेतातली काळी माती आणवली. उत्तम माती, ज्वारी डोक्याएवढी येते. ती माती तिनं बोटांत चुरगाळली आणि झाडाला सांगितलं, "ही लई चांगली हाय. पण तुझ्या मुळाला श्वास येणार न्हाय." मला संताप आला. माझ्या मातीला नावं? पण थेट बोलायची सोय फक्त झाडाशी. संतापायचं कुणावर? तिनं विटा फोडून चाळून घेतल्या, जाड वाळू धुऊन घेतली, दोन्ही मिसळलं. बांबूच्या काडीनं मुळं विंचरली, लहान पोरीचे केस विंचरावेत तशी, न ओढता, टोकाकडून वर. मुळांच्या बुडाशी पांढरी बुरशी होती. घाण वाटून मी तांब्या उचलला आणि पाणी ओतायला गेलो. तिनं माझ्या आणि झाडाच्या मध्ये हात घातला. रीत मोडली, लगेच हात मागं घेतला, आणि झाडाला म्हणाली, "ते तुझं आईचं दूध हाय. ते धुवायचं न्हाय."

ते मी कधी विसरलो नाही.

झाड फुटलं. तुम्ही पाहिलं नसेल — सोलापुरात कुणी पाहिलंय? गाठीगाठीतून मऊ सुयांचे झुबके, इतके कोवळे की गालाला लावावेत. मी लावून पाहिले, कुणी नसताना. दुकानात माझ्या आवाजाला विणकर, दलाल, गिऱ्हाईक सगळे दबून. भाव पाडताना मी समोरच्याला रडवलेलं आहे. आणि हा माणूस सकाळी गच्चीवर झाडाला गाल लावतोय.

उन्हाळ्यात आम्ही दोघांनी ते वाचवलं. उत्तरेच्या भिंतीला सावलीत, भोवती ओलं गोणपाट. दुपारी ती पाणी शिंपडायची, दुकानातून जेवायला आलो की मी. "आज तुला दोनदा पाणी झालं, आता कुणी घालू नये," असं ती झाडाला सांगायची. "कुणाला अक्कल नाही असं समजू नकोस," असं मी झाडाला सांगायचो. महादेवी खालून ओरडायची, "तुमी दोघं त्या झाडाचं डोकं खाताय! एक दिवस तेच वैतागून बोलंल!"

पेमा पदरात हसायची. मीही हसायचो, जिन्याकडं तोंड करून. ते माझ्या घरातले सगळ्यात बरे महिने होते. हे मी कधी तिला सांगितलं का? नाही. झाडालाही नाही.

पण आमचा हिवाळा त्याला पुरेना. सुया सोन्यासारख्या पिवळ्या झाल्या, पण पडायला तयार नव्हत्या. पेमा रोज सकाळी हवेत हात धरून बघायची. "तुला झोप लागंना," म्हणायची. "थंडीच न्हाय हितं. झोपल्याबिगर उठणार कसं?" पुढच्या वर्षी झाड फुटलं, पण अशक्त.

त्या पावसाळ्यात बसूची बदली झाली आणि तो तिला घेऊन गेला. आधी कुठल्यातरी तात्पुरत्या खोल्यांत राहायचं होतं, म्हणून झाड मागं ठेवलं. घर मिळालं की नेऊ, ठरलं. निघताना ती गच्चीवर गेली. मी जिन्यात उभा होतो. ती झाडाला म्हणाली, "अण्णा तुला बगतील."

बघणारच होतो. मी डोकं चालवलं. झाडाला थंडी हवी ना? सोलापुरात थंडी मिळते कुठं? स्टेशनच्या बाजूला एक बर्फाचा कारखाना होता. मालक इस्माईलभाई, माझ्याकडनं चादरी नेणारा. दिवाळी झाल्यावर कुंडी सायकलीच्या कॅरियरला बांधून त्याच्याकडं गेलो. तो पोट धरून हसला. "क्या अण्णा, झाड को बुखार चढ्या क्या? बर्फ में सुलाने लाए!" मी घासाघीस केली. बर्फाच्या लाद्यांच्या खोलीशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जागा मिळवली. आठवड्याभरात सगळ्या सुया गळाल्या. झाड झोपलं. रविवारी मी जायचो, माती चाचपायचो, नखानं साल जराशी खरवडून आतला हिरवा रंग बघायचो आणि परत यायचो. ही युक्ती माझी होती. कधी एकदा पेमाला सांगतो, असं झालं होतं. झाडामार्फतच, पण सांगणार होतो.

आणि त्याच थंडीत, संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरते त्या दिवसांत, बसू एकटा आला.

जेवताना म्हणाला, घर मिळालं. डोंगरात, चांगलं थंड ठिकाण. मी विचारलं, नोकरी संपल्यावर? दुकानावर तुझ्या नावाची पाटी लावायची माझी तयारी होती. तो भाकरी मोडत, अगदी शांतपणे म्हणाला, "अण्णा, मी दुकानात बसणार नाही. आम्ही तिकडंच राहू. उद्या निघतो, झाड घेऊन जातो."

झाड घेऊन जातो!

माझा राग तुम्हाला माहीत नाही. तो आधी हातात येतो, मग डोळ्यांत, मग तोंडात. विचार सगळ्यांत शेवटी येतो. वाटलं — सगळं घेतलं यांनी. शिक्षण घेतलं, घर घेतलं, वर्षं घेतली. आता हेही? इथं काहीच राहू नये? मी म्हणालो, "झाड? मेलं ते."

तेवढंच. शब्द बाहेर पडला आणि मी स्वतःच ऐकत राहिलो.

बसू गच्चीवर जाऊन आला. जागा रिकामीच होती, झाड बर्फात झोपलेलं. खाली येऊन त्यानं अर्धं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "निदान कुंडी द्या. तिच्या वडिलांची आहे." कुंडीत तर झाड होतं.

"फुटली," मी म्हणालो.

रागात निघालेलं एक खोटं मला माफ करता आलं असतं — मलाच, म्हणतोय. पण "फुटली" हे रागात निघालेलं नव्हतं. ते मी शांतपणे, विचार करून बोललो. धंद्यात बोलतो तसं.

तो गेला. झाड त्या वर्षी असं फुटलं की काय सांगू. ते बघताना माझ्या मनात काय होतं? आनंद होता. लाज कमी होती. खरं ते हेच. आणि बोलायला घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी त्याच्याशीच बोलायचो. "पेमाला सांग, तुला झोप लागली," म्हणायचो. जसं काही ते सांगणारच होतं.

इथं थांबलो असतो तर हे लिहायची गरज पडली नसती. पण पुढच्या वर्षी, पुन्हा जत्रेला, दोघं आली.

पेमा उंबरठ्यात वाकली, महादेवीला मिठी मारली, आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी झरझर जिना चढून गच्चीवर गेली. हातात कापडाचं एक गाठोडं. मी बसूकडं पाहिलं. तो माझ्याकडं बघेना. खालच्या आवाजात म्हणाला, "मी तिला सांगितलं नाही, अण्णा. तुमचा जीव जडलाय, तुम्ही देत नाही, असं सांगितलं. तिला त्याचा लई आनंद झाला."

समजलं तुम्हाला? तो मला सांभाळत होता. माझ्या हातून तिच्या वडिलांचं झाड मेलं, असं तिला वाटू नये म्हणून. ज्याला मी कृतघ्न म्हणत आलो तो.

ती खाली आली. पदर घसरला होता, ओढायचं भान नव्हतं. महादेवी चहाचे कप घेऊन दारात उभी. तिला सगळं माहीत होतं. दर रविवारी मी सायकल काढून कुठं जातो, हे तिला माहीत नसेल?

झाड त्याही थंडीत कारखान्यात होतं. जिवंत. नखाखाली हिरवं. सायकलीवर टांग मारली असती तर चहा निवायच्या आत घेऊन आलो असतो. एक वाक्य बोलायचं होतं — बसू, मी खोटं बोललो. धाकट्या भावासमोर. बायकोसमोर. त्या पोरीसमोर, जी मला अण्णा म्हणते.

मला ते जमलं नाही. ओठापर्यंत आलं होतं, असंही म्हणणार नाही, आलं नव्हतं. मी हिशेब केला: झाड घालवायचं की इज्जत? आणि झाड घालवलं.

मी जमिनीकडं बघून म्हणालो, "मेलं. उन्हानं."

पेमानं हातातलं गाठोडं सावरलं. मग — ऐका, हे मला रोज ऐकू येतं — मग ती माझ्याशी बोलली. माझ्याशी, थेट, माझ्याकडं बघून. मध्ये धरायला झाड उरलं नव्हतं ना? मग तिनं तरी काय करावं?

"अण्णा," ती म्हणाली, "तुमी वाईट वाटून घेऊ नका. हितलं ऊन लई. बाबांची पण किती झाडं मेलीत. तुमी जेवढं केलं, तेवढं कुणी करत न्हाय."

आणि ते गाठोडं तिनं माझ्या पायाशी ठेवलं. तिच्या वडिलांच्या झाडांखालची माती होती. त्या वर्षी कुंडी बदलायची पाळी होती. तिनं वेळ मनात ठेवली होती, म्हणून आणली होती. "दुसऱ्या कुठल्या झाडाला घाला," म्हणाली. मी मान हलवली. डोळे भरले होते माझे, खरोखर भरले होते, आणि ते बघून ती आणखी समजूत घालायला लागली. मी घालू दिली.

दोघं गेल्यावर महादेवी म्हणाली, "आता तुमचं झाड तुमीच बगा." त्यानंतर तिनं त्या झाडावर पाण्याचा थेंब टाकला नाही.

गाठी फुगल्या तेव्हा मी गाठोडं सोडलं. गच्चीवर, पोत्यावर. त्या मातीला एक गार वास होता, सोलापुरात कधी न आलेला. त्यात पांढरी बुरशी होती, आईचं दूध. मी काडीनं मुळं विंचरली, टोकाकडून वर, न ओढता. चांगली कापली. ती बुरशी धरलेली माती बोटानं बुडाशी बसवली. तिनं शिकवलेलं मी काही चुकलो नाही. झाडाला म्हणालो, "ही पेमानं आणलीय." झाड फुटलं, पहिल्यापेक्षा दाट.

वैशाखात इस्माईलभाईचा कारखाना बंद पडला. पाणी नव्हतं. उन्हाळ्यात कुंडीभोवती ठेवायला मी रोज बर्फाची अर्धी लादी विकत घेत होतो, ती बंद झाली. गोणपाट भिजवलं की तासात वाळायचं. सुया टोकापासून तांबूस व्हायला लागल्या. मी झाड दुकानात नेलं, कपड्यांच्या गठ्ठ्यांमागं, सगळ्यांत गार कोपऱ्यात. गिऱ्हाईक सोडून मागं जाऊन बसायचो. नखानं साल खरवडायचो. वर तपकिरी. जरा खाली हिरवं. पुन्हा दोन दिवसांनी, आणखी खाली. मग बुंध्याशीही हिरवं उरलं नाही.

डोंगरात ते आज असतं. बर्फ विकत घ्यावा लागला नसता त्याला.

त्यानंतर मी काय केलं? कैफियत सुरू केली. दोघं येईनाशी झाली, ती का, हे मी स्वतःला विचारलं नाही. पोरकं झाड माझ्या गळ्यात टाकून गेली, मी बर्फ विकत घेऊन जगवलं, साधी चौकशी नाही — असं लोकांना सांगत सुटलो. बसूनं जाब द्यावा, म्हणायचो. भर दुकानात, मोठ्यानं.

पेमा मराठी बोलते, पण तिला ती वाचता येत नाही. म्हणजे हे तिच्यापर्यंत पोचणार नाही. हेही माझ्या सोयीचंच आहे, ते माझ्या ध्यानात आहे.

कुंडी फुटलेली नाही. निळसर हिरवी, एका कडेला माझ्या सायकलीच्या कॅरियरचा ओरखडा. बुडाशी त्या मातीचा थर अजून आहे. मी ती दुसऱ्या कुठल्या झाडाला घातली नाही.

आता कैफियत बंद. आयुष्यभर मी समोरच्याला उभं करून विचारत आलो — बोल, माल कुणी खराब केला? तोंड का मिटलं? मध्ये कुणाला घालू नकोस, थेट बोल. तेच आता या गादीवर बसलेल्या माणसाला विचारायचं आहे. झाड मध्ये नाही. बसू मध्ये नाही. ऊनही नाही.

बोल, अण्णा.